शिकाऱ्याला घाम का परवडत नाही?



कॅनडाच्या अगदी उत्तरेस, आर्क्टिक वर्तुळाच्याही पलीकडे, हिवाळ्यात समुद्र गोठून जातो. त्या गोठलेल्या समुद्रावर एक माणूस उभा आहे अशी कल्पना करा. तापमान शून्याखाली ३० अंश सेल्सिअस. त्याच्या पायांखाली केसाळ कातड्याचा एक तुकडा आहे, हाताशी दोरी बांधलेला भाला आहे आणि समोर बर्फाच्या थरात एक लहानसे भोक आहे. सील नावाचा प्राणी त्या भोकाशी श्वास घेण्यासाठी येतो. सील पाण्यात राहत असला तरी तो मासा नव्हे, सस्तन प्राणी आहे. त्याला हवा लागतेच. म्हणून समुद्र गोठू लागला की तो आपल्या नखांनी बर्फात अशी कित्येक भोके कोरतो आणि हिवाळाभर ती बुजू देत नाही. त्यांपैकी नेमक्या याच भोकाशी तो केव्हा येईल? दहा मिनिटांनी येईल, सहा तासांनी येईल, कदाचित येणारही नाही. तोवर त्या माणसाने हलायचे नाही. बुटाखाली हिम करकरले तरी तो आवाज बर्फातून पाण्यात पोहोचतो आणि सील दुसऱ्या भोकाकडे निघून जातो. पायांखाली कातडे अंथरले आहे ते यासाठीच. भोकावर पिसाचा एखादा तंतू ठेवलेला असतो. सीलने खालून उच्छ्वास सोडला की तो थरथरतो, आणि त्याच क्षणी भाला चालवायचा.

हा माणूस इन्युइट जमातीचा. आपल्या जुन्या पाठ्यपुस्तकांत या लोकांना एस्किमो म्हटलेले असे. ते स्वतःला इन्युइट म्हणवतात. फ्रांट्स बोआस हा जर्मन अभ्यासक १८८३–८४ मध्ये बॅफिन बेटावर त्यांच्यांत जाऊन राहिला आणि त्याने या शिकारीचे बारकाईने वर्णन लिहून ठेवले. जाता जाता सांगायला मला आनंद वाटतो, की हा बोआस मूळचा पदार्थविज्ञानाचा विद्यार्थी. १८८१ साली त्याने पाण्याच्या रंगावर प्रबंध लिहून पदवी मिळवली होती. पुढे तो मानववंशशास्त्राकडे वळला.

सील मिळाला तर घरी मांस येते. पण तेवढेच नाही. सीलच्या चरबीवर दगडी दिवा जळतो, त्या दिव्यावर पिण्यासाठी हिम वितळते आणि त्याच दिव्यावर टांगून ओले कपडे वाळतात. सील नाही म्हणजे दिवा नाही, आणि दिवा नाही म्हणजे उद्या अंगावर घालायला कोरडा कपडा नाही. हिमघरांत राहण्याच्या काळात सगळे कुटुंब असे त्या एका भोकावर अवलंबून असे.

या माणसाने अंगात काय घालावे? तुम्ही म्हणाल, यात विचारायचे काय, मिळेल तितके जाड घालावे! येथेच आपली पहिली चूक होते. थोडा हिशेब करू या.

स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाचे शरीर सुमारे १०० वॉट उष्णता निर्माण करते, म्हणजे जुन्या तारेच्या दिव्याइतकी. ही उष्णता ज्या वेगाने निर्माण होते त्याच वेगाने बाहेर गेली तर शरीराचे तापमान स्थिर राहते. त्वचेचे तापमान ३३ अंश धरा. बाहेर उणे ३० अंश, म्हणजे फरक ६३ अंशांचा. शरीराचे क्षेत्रफळ सुमारे १.८ चौरस मीटर. केसाळ कातड्याची किंवा चांगल्या लोकरी कपड्याची उष्णतावाहकता साधारण ०.०४ असते; तिचे एकक आहे वॉट प्रति मीटर प्रति अंश. वाहकता, क्षेत्रफळ आणि तापमानांतील फरक यांच्या गुणाकाराला कपड्याच्या जाडीने भागले, की दर सेकंदास किती उष्णता बाहेर जाते ते मिळते, हे तुम्ही शाळेत शिकला असाल. गुणाकार येतो ४.५४. उत्तर १०० वॉट यायला हवे असेल तर जाडी हवी ०.०४५ मीटर, म्हणजे साडेचार सेंटिमीटर. (श्वासावाटे जाणारी उष्णता आपण सोडून दिली आहे. हा हिशेब अंदाजाचा आहे.)

आता हाच माणूस सकाळी घरून निघाला तेव्हा काय करीत होता ते पाहा. कुत्र्यांच्या घसरगाडीबरोबर तो पळत होता, ती चढावर ढकलत होता. अशा वेळी शरीर सहज ५०० वॉट उष्णता निर्माण करते. तेच सूत्र पुन्हा वापरा. जाडी येते नऊ मिलिमीटर! सकाळी नऊ मिलिमीटर आणि दुपारी भोकाशी साडेचार सेंटिमीटर: एकाच माणसाला एकाच दिवशी पाचपट फरकाचे कपडे हवेत. आणि अंगावरचे कपडे तर तेच आहेत.

साडेचार सेंटिमीटर जाडीचा पोशाख घालून तो पळाला तर काय होईल? १०० वॉट कपड्यांतून बाहेर पडतील आणि ४०० वॉट आत कोंडतील. शरीराला मग एकच उपाय माहीत आहे, तो म्हणजे घाम. त्वचेच्या तापमानाला एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे २४०० ज्यूल उष्णता खर्च होते. ४०० वॉट घालवायला तासाला सुमारे ६०० ग्रॅम घामाची वाफ व्हावी लागेल. आपल्याकडे उन्हाळ्यात अशी वाफ हवेत निघून जाते. उणे ३० अंशांत मात्र ती कपड्यांच्या बाहेरच्या थंड थरापर्यंत पोहोचते आणि तेथेच तिचे पाणी होते, मग दंव, मग बर्फ. स्थिर हवेच्या मानाने पाणी सुमारे २५ पट आणि बर्फ तर सुमारे ९० पट अधिक उष्णता वाहून नेतो. कपडा ऊब देतो तो मुख्यतः त्याच्या तंतूंमध्ये अडकलेल्या हवेमुळे. त्या हवेची जागा पाण्याने घेतली की कपडा नुसता नावाचा उरतो.

आता आपला शिकारी भोकाशी येऊन उभा राहिला. ते ६०० ग्रॅम पाणी त्याने शरीराच्या उष्णतेवर वाळवायचे म्हटले तर किती उष्णता लागेल? ६०० गुणिले २४०० ज्यूल. १०० वॉटच्या शरीराला एवढी उष्णता निर्माण करायला चार तास लागतात. म्हणजे एका तासाच्या धावपळीची फेड करायला चार तासांची सगळीच्या सगळी उष्णता द्यायची, आणि तेवढा वेळ बाकीच्या शरीराने थंडीत कुडकुडायचे. कुडकुडणे म्हणजे हलणे. हलले की सील गेला.

माझी स्वतःची एक फजिती सांगतो. महाविद्यालयात असताना आम्ही काही मित्र डिसेंबरात हिमाचल प्रदेशात एका खिंडीकडे चढत होतो. मी अंगात सुती बंडी, त्यावर सदरा, त्यावर आईने विणलेला जाड स्वेटर आणि त्यावर कोट असा जामानिमा केला होता. चढताना घामाच्या धारा लागल्या, पण कोट काढून हातात कोण घेणार? वर पोहोचल्यावर आम्ही वाऱ्यात बसून डबे उघडले. पाच मिनिटांत माझी बंडी पाठीला बर्फाच्या लादीसारखी चिकटली आणि दात इतके वाजू लागले, की मला शब्द उच्चारता येईना. आमचा वाटाड्या गावचा मनुष्य. त्याने मला दगडाच्या आडोशाला नेले, बंडी काढायला लावली आणि नुसत्या उघड्या अंगावर स्वेटर घालायला सांगितले. एक कपडा कमी झाला आणि ऊब वाढली! मी तेव्हा पदार्थविज्ञान शिकत होतो, हे सांगायला आजही संकोच वाटतो.

माझे निभावले. १९११ च्या दक्षिणी हिवाळ्यात स्कॉटच्या मोहिमेतील विल्सन, बॉवर्स आणि चेरी-गॅरार्ड हे तिघे अंटार्क्टिकात एम्परर पेंग्विनची अंडी आणायला निघाले, तेव्हा तापमान एकदा उणे ६० अंशांपर्यंत उतरले होते. त्यांचा घाम आणि श्वासातील वाफ कपड्यांत आणि झोपायच्या पिशव्यांत गोठत गेली. चेरी-गॅरार्डची पिशवी निघताना आठ किलोंची होती. परतताना ती वीस किलोंची झाली. सगळा फरक बर्फाचा! एके सकाळी तंबूतून बाहेर आल्यावर त्याने इकडेतिकडे पाहण्यासाठी मान वर केली. तेवढ्या काही सेकंदांत कपडे गोठले आणि मान खाली येईना. चार तास त्याने तशाच वर केलेल्या मानेने घसरगाडी ओढली. ते तिघे जिवंत परतले हे नवलच.

इन्युइटांनी हा प्रश्न कसा सोडवला? त्यांचा मुख्य कपडा कॅरिबूच्या कातड्याचा. कॅरिबू म्हणजे उत्तर अमेरिकेतील रेनडिअर. त्याच्या वरच्या केसांच्या गाभ्यात मधमाश्यांच्या पोळ्यासारखे हवेचे कप्पे असतात. म्हणजे केसांच्या मधली हवा आणि केसांच्या आतली हवा अशी दुहेरी सोय. पण कातडे कोणत्याही ऋतूतले चालत नाही. वसंतात ते माशीच्या अळ्यांनी भोके पाडून चाळणीसारखे केलेले असते; ऐन हिवाळ्यातले केस फार लांब, जड आणि गळणारे. कपड्यांना उत्तम कातडे उन्हाळ्याच्या अखेरीचे आणि शरदाच्या आरंभीचे. म्हणजे हिवाळ्यातल्या शिकारीचा कपडा ऑगस्ट–सप्टेंबरातच निवडावा लागतो, आणि मग घरातल्या बायका जनावराच्या स्नायूंच्या दोऱ्याने तो शिवतात. हे शिवणकाम फार कसबाचे. एक टाका उसवला तर वारा आत शिरतो.

असे दोन अंगरखे एकावर एक घालायचे. आतल्याची केसाळ बाजू त्वचेकडे, बाहेरच्याची बाहेर. सगळा पोशाख जेमतेम चार-पाच किलो भरतो. धावताना बाहेरचा अंगरखा काढून गाडीवर टाकता येतो; भोकाशी उभे राहायच्या आधी पुन्हा चढवता येतो. आपल्या हिशेबातील पाचपट फरक यामुळे बराचसा आटोक्यात येतो.

पण मला त्या अंगरख्याची खरी गंमत वाटते ती त्याच्या आकारात. तो सैल असतो, त्याला पुढे उघडणारी बटणे नसतात आणि टोपडे त्यालाच जोडलेले असते. आता अभिसरण आठवा. गरम हवा वर जाते. टोपडे ओढून चेहऱ्याभोवती आवळले की अंगरख्यातील गरम हवेला वर जायला वाट नाही. खालची बाजू थोडी सैल असली तरी ती खाली सांडत नाही. उलटे धरलेल्या भांड्यात जणू ऊब भरून ठेवलेली. आणि धावताना फार गरम झाले तर? टोपडे मागे टाकायचे. लगेच मानेपाशी धुराडे उघडते: गरम, दमट हवा गळ्यापाशी वर निघून जाते आणि खालून कोरडी थंड हवा आत येते. घाम येण्याआधीच उष्णता आणि वाफ बाहेर! आपल्याकडे दुकानांत मिळणाऱ्या ‘अनोरक’ जातीच्या जाकिटांचे नाव ग्रीनलंडच्या इन्युइट भाषेतूनच आलेले आहे. दुर्दैवाने त्यांपैकी पुष्कळ जाकिटांत नाव तेवढे शिल्लक आहे. ती कमरेला आणि गळ्याला अशी घट्ट असतात, की धुराडे चालतच नाही.

दुसरी गोष्ट घरात शिरतानाची. बाहेरून आल्यावर इन्युइट लोक अंगरखा तसाच उबेला घेऊन जात नसत. दारापाशीच लाकडी किंवा हाडाच्या पट्टीने तो झोडपून त्यातले हिम आणि दंव झाडून टाकीत. का बरे? कारण दंव घन अवस्थेत असेपर्यंत झटकता येते. एकदा ते उबेत वितळले, की पाणी केसांत मुरते आणि मग ते काढायला दिव्याची चरबी जाळावी लागते. घन पदार्थ झाडूने निघतो, द्रवाला इंधन लागते. अवस्थांतराचा याहून स्वस्त उपयोग मला तरी ठाऊक नाही.

रोआल्ड आमुंडसेन हा नॉर्वेचा संशोधक १९०३ ते १९०५ अशी दोन वर्षे किंग विल्यम बेटावर होता. तेथील नेत्सिलिक इन्युइटांकडून तो हे कपडे वापरायला शिकला आणि १४ डिसेंबर १९११ रोजी दक्षिण ध्रुवावर पोहोचला तेव्हा त्याच्या सामानात असे केसाळ पोशाख होते. स्कॉटच्या लोकांनी मुख्यतः लोकर आणि त्यावर वारा अडवणारे घट्ट विणीचे कापड वापरले. म्हणून स्कॉटला नावे ठेवणारे पुष्कळ भेटतात. मला ते तितकेसे न्याय्य वाटत नाही. आमुंडसेनच्या गाड्या कुत्रे ओढत होते. स्कॉटची माणसे प्रवासाच्या फार मोठ्या भागात स्वतः ओढत होती. ५०० वॉटच्या माणसाला केसाळ अंगरखा घातला असता तर तो घामाने भिजून गेला असता. कपडा निवडताना आधी बाहेरची थंडी नव्हे, आतली भट्टी पाहावी लागते.

येथवर आपण उष्णतेचे पाहिले. सीलच्या भोकाशी मुख्य अडचण आवाजाची असते. पण ज्याचे कातडे अंगावर घ्यायचे त्या कॅरिबूची शिकार करायची तर निराळा शत्रू उभा राहतो, तो म्हणजे स्वतःच्या अंगाचा वास. कॅरिबूचे नाक विलक्षण तीक्ष्ण. हिवाळ्यात तो हिमाच्या थराखाली दडलेली दगडफुले वासावरून हुडकून काढतो आणि खुरांनी हिम उकरून खातो. आपल्या मसाल्यातल्या दगडफुलाचीच ही भावंडे. हिमाखालच्या दगडफुलाचा वास ज्याला येतो त्याला घामेजलेल्या माणसाचा वास येणार नाही काय?

येथे घाम पुन्हा आडवा येतो. ताज्या घामाला जवळजवळ वास नसतो. पण काखेतील खास ग्रंथींच्या स्रावावर त्वचेवरचे जीवाणू ताव मारतात आणि त्यातून उग्र वासाची आम्ले आणि गंधकयुक्त संयुगे तयार होतात. ही बाष्पनशील असतात, म्हणजे सहज हवेत मिसळतात. थंडीत वास कमी येतो हे आपल्या अनुभवाचे आहे. कचऱ्याची पेटी मेमध्ये नाकाला झोंबते तशी जानेवारीत झोंबत नाही, कारण तापमान उतरले की पदार्थाचा बाष्पदाब उतरतो. शिकारी याच्यावर विसंबला तर मात्र फसेल. बाहेर उणे ३० असले तरी त्याची काख ३३ अंशांवरच आहे! वासाचा उगम थंड झालेलाच नाही.

शिवाय आणखी एक गंमत आहे. प्रत्येक माणसाच्या अंगाभोवतीची हवा तापून त्वचेलगत वर सरकत असते आणि डोक्यावरून एखाद्या अदृश्य धुरासारखी निघून जाते. हवेच्या घनतेतील फरक टिपणाऱ्या खास छायाचित्रण पद्धतीने हा झोत स्पष्ट दिसतो. त्याचा वेग सेकंदाला वीस-तीस सेंटिमीटर असतो आणि तो त्वचेचे सूक्ष्म कण आणि गंधाचे रेणू बरोबर नेतो. अंगातून जितकी उष्णता बाहेर गळेल तितका हा झोत जोरदार. म्हणजे कपडा अपुरा असेल तर, किंवा धावून अंग तापलेले असेल तर, वासाचे धुराडे अधिक जोराने चालते. आपण मघाशी पाहिलेले टोपडे बंद असले, की त्वचेलगतची हवा गळ्यातून सुटत नाही. जो अंगरखा ऊब कोंडतो तोच वासही बऱ्याच अंशी कोंडतो.

आर्क्टिकमधील सपाट उघड्या प्रदेशात वारा एका दिशेने वाहतो. तेथे वाऱ्याच्या उलट दिशेने कळपाकडे जायचे, एवढा नियम पुष्कळदा पुरतो. जरा दक्षिणेला, अमेरिका आणि कॅनडाच्या डोंगराळ जंगलांत, काम अवघड होते. तेथे नोव्हेंबरच्या सुमारास पांढऱ्या शेपटीच्या हरणांची शिकार परवाना काढून केली जाते. शिकारी पहाटे जंगलात चालत जातो आणि झाडावर बांधलेल्या बैठकीवर तासन् तास बसतो. सीलच्या भोकाशी उभ्या असलेल्या माणसाचीच ही आवृत्ती: आधी श्रम, मग स्तब्धता.

या लोकांपुढे कापडाची निवड असते. सुती कापड पाणी धरून ठेवते आणि ओले झाले की चपटे होऊन हवा गमावते. माझ्या बंडीने हेच केले. पॉलिएस्टर पाणी जवळजवळ शोषतच नाही, म्हणून लवकर वाळते. मात्र वासाच्या बाबतीत ते बदनाम आहे. २०१४ साली बेल्जियममधील घेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी २६ जणांना व्यायाम करायला लावून त्यांचे सदरे दुसऱ्या दिवशी हुंगवले. पॉलिएस्टरच्या सदऱ्यांना सुती सदऱ्यांपेक्षा अधिक घाण वास येत होता, कारण वास निर्माण करणारे काही जीवाणू त्यावर चांगले वाढतात. लोकरीचे मात्र नवल आहे. ती आपल्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के पाण्याची वाफ तंतूंच्या आत सामावून घेते आणि तरी हाताला कोरडी लागते. वास देणारे पुष्कळसे रेणूही ती तंतूंत धरून ठेवते. म्हणून अंगाला लागून पातळ लोकर, वर ऊब देणारा जाड थर आणि सर्वांत बाहेर वारा अडवणारे कापड, हा क्रम शिकाऱ्यांनी आणि गिर्यारोहकांनी पत्करलेला आहे. चालताना मधला थर पाठीवरच्या पिशवीत असतो. जाणता शिकारी पहाटे थोडा कुडकुडतच निघतो.

बाजारात सक्रियित कोळशाचे अस्तर लावलेले महागडे पोशाखही मिळतात. कोळशाच्या एका ग्रॅममध्ये इतकी सूक्ष्म छिद्रे असतात, की त्यांचे एकूण पृष्ठफळ हजार चौरस मीटरच्या घरात जाते. त्या पृष्ठभागाला वासाचे रेणू चिकटतात. याला अधिशोषण म्हणतात. तत्त्व अगदी बरोबर. पण पृष्ठभाग कधीतरी भरतोच, आणि तो पुरता मोकळा करायला कोळसा काही शे अंशांपर्यंत तापवावा लागतो. घरातल्या कपडे वाळवण्याच्या यंत्रात एवढे तापमान येत नाही, आणि आले तर पोशाखच जळेल! त्यातून श्वास, चेहरा आणि केस उघडेच राहतात. माझ्या मते बिनवासाच्या साबणाने धुतलेली लोकर आणि खायचा सोडा यांनी थोडक्यात बरेच काम होते. सोडा अल्कधर्मी असल्याने घामातील वासाची आम्ले त्यात उदासीन होतात.

आणि राहिलेला वास? तो वाऱ्यावर सोपवायचा. पण कोणत्या वाऱ्यावर? भूगोलात तुम्ही पर्वतीय वारे आणि दरीय वारे शिकला आहात. रात्री उतारावरची हवा गार आणि जड होऊन दरीत उतरते. ऊन तापले की दरीतली हवा उतारावरून वर चढते. सकाळी आठ वाजता टेकडीवर बसलेल्या शिकाऱ्याचा वास खाली ओढ्याकडे वाहत असतो, आणि दहा-अकराच्या सुमारास तोच उलट फिरतो. जो हरणांच्या वर बसला होता तो सकाळी पकडला जातो. जो खाली बसला होता तो दुपारी. थंड, निरभ्र, निवांत पहाटे आणखी एक घटना घडते. जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार असते. ही तापमानाची विपरीतता. अशा वेळी हवा वर-खाली मिसळत नाही, आणि वास धुक्यासारखा पातळ थरात पसरून दूरवर रेंगाळतो. खेड्यात हिवाळ्याच्या पहाटे चुलीचा धूर घरांच्या माथ्यावर आडवा लोंबकळताना तुम्ही पाहिला असेल. तसेच हे.

ही हवा पाहायची कशी? अमेरिकन शिकारी खिशात मिल्कवीड नावाच्या झुडपाच्या बीचा रेशमी कापूस ठेवतात आणि त्यातला एकेक तंतू सोडून तो कोठे तरंगत जातो ते बघतात. ओळखलात का हा कापूस? आपल्या माळावरची रुई याच कुळातली. तिच्या फळातून उडणारी ‘म्हातारी’ पकडायला तुम्ही धावला असालच.

आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने वन्य प्राण्यांच्या शिकारीस बंदी आहे. पण जंगलात प्राणी बघायला किंवा त्यांची छायाचित्रे घ्यायला बसणाऱ्यालाही वाऱ्याचे हेच नियम लागू होतात.

आता दोन प्रयोग करून पाहा. पहिल्यासाठी दोन सारखे पत्र्याचे डबे घ्या. दोन्हींत सारखेच गरम पाणी भरा. पाणी ओतताना घरातील मोठ्या माणसाची मदत घ्या. एका डब्यावर कोरडा लोकरी पायमोजा चढवा, दुसऱ्यावर पाण्यात बुडवून घट्ट पिळलेला. दर पाच मिनिटांनी तापमापीने दोन्हींचे तापमान मोजून आलेख काढा. मग हाच प्रयोग पंख्याखाली करा, आणि पुन्हा एकदा दोन्ही डब्यांवर प्लॅस्टिकची पिशवी सैलसर बांधून करा. पिशवीमुळे ओल्या मोज्यातील पाण्याची वाफ होणे थांबते. मग जो फरक उरेल तो बव्हंशी नुसत्या वहनाचा.

दुसरा प्रयोग थंडीच्या पहाटे करायचा आहे. रुईच्या दहा-बारा म्हाताऱ्या जमवा. दारे-खिडक्या लावून पंखा बंद असलेल्या खोलीत मित्राला स्तब्ध उभे करा आणि त्याच्या पाठीपासून चार बोटांवर, कमरेच्या उंचीवर, एक म्हातारी अलगद सोडा. ती खाली पडते, तरंगते, की वर चढते? मग मित्राला घराभोवती चार फेऱ्या धावून यायला सांगा, अंगातला स्वेटर उतरवायला लावा आणि पुन्हा सोडून पाहा.